विकसनशील देशांत लस मोफत असूनही अनेक मुलांचं लसीकरण अर्धवट का राहतं?

‘लोकांचा लशीवर विश्वासच नाही’ हे उत्तर झटकन दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. पहिल्या डोसाला आणलेलं बाळ तिसऱ्या डोसाला येत नाही, तेव्हा आईबापांनी एकदा तरी विश्वास ठेवलेलाच असतो. मग अडतं कुठे?

गोवराची लस घ्या. तिची कुपी अनेक ठिकाणी १० डोसांची असते. भुकटीत द्रावण मिसळलं की सहा तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. केंद्रावर दोनच बाळं आली, तर नर्स आठ डोस वाया घालवायला कचरते. ‘पुढच्या वेळी या,’ म्हणते. मजुरी बुडवून, बाळाला कडेवर घेऊन आलेली बाई परत येईलच असं नाही. एका बाळासाठीसुद्धा कुपी उघडा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. पण हिशोब बहुधा वाया गेलेल्या डोसांचा मागितला जातो, परत पाठवलेल्या बाळांचा नाही!

दुसरं म्हणजे ताप. टोचल्यावर एखाद-दोन दिवस अंग तापू शकतं, हे आधी कोणी सांगितलं नाही, तर घरचे पुढच्या वेळी नको म्हणतात.

लस २ ते ८ अंशांत ठेवायची, वीज नाही, रस्ता नाही, हे आहेच. एकही डोस न मिळालेल्या मुलांचा प्रश्न मात्र वेगळा. युद्धग्रस्त भाग, शहरांतल्या झोपडपट्ट्या, सतत स्थलांतर करणारी कुटुंबं. यांची नावं मुळात यादीतच नसतात.