लॉगमध्ये १२ मार्च आणि टेबलात १३ मार्च, एकाच ऑर्डरची वेळ वेगळी का दिसते?

तुमचा प्रश्न असा की मायएसक्यूएल डेटाबेसच्या स्लो लॉगमध्ये (वेळखाऊ क्वेरींची नोंदवही) १२ मार्च २०२४, १८:४५:१० दिसतंय आणि त्याच ऑर्डरच्या क्रिएटेड_अ‍ॅट कॉलममध्ये १३ मार्च, ००:१५:०२, मग खरं कुठलं? दोन्ही खरं आहे हो. लॉगमधल्या वेळेच्या शेवटी झेड अक्षर असेल बघा, त्याचा अर्थ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून लॉग डिफॉल्टने यूटीसीतच लिहिला जातो, तुमचं सर्व्हर पुण्यात असो नाहीतर कुठेही. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा, ००:१५:१० येतं, आणि तारीखही पुढे सरकते.

आता उरले आठ सेकंद. लॉगमध्ये त्याच्याच खालच्या ओळीत क्वेरी टाइम बघा, आठच्या आसपास असणार. लॉगची नोंद क्वेरी संपल्यावर पडते आणि कॉलममध्ये वेळ भरणारं नाऊ() फंक्शन मात्र क्वेरी सुरू होतानाची वेळ धरून ठेवतं, म्हणून. तिथेच सेट टाइमस्टॅम्प=१७१०२६९१०२ असा दहा आकडी नंबर पण दिसेल, ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद (८.०.१४ पासून हा क्वेरी सुरू झाल्याचा क्षण असतो). तेरा आकडे दिसले तर मिलिसेकंद समजा. आणि कॉलममध्ये कधी १९७०-०१-०१ ०५:३० दिसलं तर घाबरू नका, कोणीतरी शून्य टाकलंय.

कॉलमचा प्रकार मात्र नक्की बघा. टाइमस्टॅम्प प्रकार आत यूटीसीत साठवतो आणि दाखवताना सेशनच्या (तुमच्या चालू कनेक्शनच्या) टाइमझोनप्रमाणे बदलून देतो, डेटटाइम जे टाकलं तेच परत देतो. सेशनचा टाइमझोन +००:०० करून तीच रो परत सिलेक्ट करा, आकडा हलला तर टाइमस्टॅम्प, नाही हलला तर डेटटाइम.

हे मी शिकलो ते मार खाऊन. आधीच्या कंपनीत रोजच्या ऑर्डरचा रिपोर्ट होता, सर्व्हर यूटीसीवर, क्वेरीत सरळ कर्डेट() (सर्व्हरच्या हिशोबाने आजची तारीख), त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या ऑर्डर आदल्या दिवशी जमा व्हायच्या आणि अकाउंट्सवाले दर महिनाअखेरीला आमच्या डोक्यावर बसायचे, दोन महिने आम्ही डुप्लिकेट रो शोधत होतो! शेवटी एकाने रात्री पावणेएकला टेस्ट ऑर्डर टाकली तेव्हा उजेड पडला.

मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर भारतीय वेळ म्हणून वेळेपुढे आयएसटी लिहू नका, डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते इस्रायलची वेळ धरतं (हसू नका, खरंच), म्हणजे यूटीसी +२. सरळ +०५:३० लिहा किंवा एशिया/कोलकाता.