वाचकांचे प्रश्न : हेरपटांतील शस्त्रे कितपत खरी?

हेरपटांमधील पिस्तुले, सायलेन्सर आणि गोळीबाराची दृश्ये यांविषयी नागपूर आणि आसपासच्या गावांतून आलेली पत्रे इतकी आहेत की या अंकातील सर्व जागा त्यांनाच देत आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो. चांगल्या खर्चाच्या हेरपटात नायकाच्या हातातले शस्त्र दिसायला बहुधा अचूक असते, कारण ते निवडण्यासाठी जाणकार माणूस नेमलेला असतो. चुका होतात त्या चाप ओढल्यानंतर. आवाज, झटका, गोळ्यांची संख्या आणि गोळी लागलेल्या माणसाचे पुढे काय होते, या चार बाबतींत चित्रपट प्रेक्षकांची सातत्याने दिशाभूल करत आले आहेत, आणि ही दिशाभूल निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : नायक सायलेन्सर लावून भरल्या हॉटेलात गोळी झाडतो आणि शेजारच्या टेबलावरील माणसाला पत्ताही लागत नाही. असे घडू शकते काय? (एक वाचक भगिनी, धरमपेठ)

नाही. हेरपटांतील सर्वांत मोठे असत्य कोणते असे कोणी विचारले, तर मी याकडेच बोट दाखवीन.

पिस्तुलाचा आवाज तीन ठिकाणी निर्माण होतो. पहिला आणि सर्वांत मोठा आवाज नळीच्या तोंडाशी होतो, कारण जळालेल्या दारूचा प्रचंड दाबाखालील वायू तेथे एकदम मोकळा होतो. सायलेन्सर हा मूलतः कप्पे पाडलेला नळकांडा असतो. वायूला या कप्प्यांतून जावे लागल्यामुळे त्याचा वेग, दाब आणि तापमान कमी होते व मगच तो बाहेर पडतो. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये या उपकरणाचे पेटंट मिळवले आणि तत्त्व आजही तेच आहे. सामान्यपणे आवाजात २० ते ३५ डेसिबलची घट होते. मात्र ९ मि.मी. व्यासाची गोळी झाडणाऱ्या पिस्तुलाचा मूळ आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे सायलेन्सर लावूनही तो १२५ ते १४० डेसिबलच्या दरम्यान राहतो. नेमबाजाचे कान वाचावेत एवढा फरक पडतो. परंतु त्या हॉटेलातील सगळी मंडळी दचकून उभी राहतील, एवढा आवाज शिल्लक उरतोच.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा असतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिच्या मागे हवेत कडाडण्याचा आवाज उमटत जातो आणि नळीच्या टोकाला काहीही बसवले तरी तो थांबत नाही. २० अंश सेल्सिअसला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तर ९ मि.मी.ची नेहमीची गोळी सेकंदाला साधारण ३५० ते ३८० मीटर वेगाने जाते. तापमानाबरोबर ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे आपल्याकडील मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी तो ३५८ मीटरच्या जवळ जातो आणि हीच गोळी सीमारेषेवर येते. म्हणूनच ज्यांना खरोखर शांतता हवी असते ते जड आणि मंद गोळीची वेगळी काडतुसे वापरतात. चित्रपटातील नायक असा विचार करताना मी तरी पाहिलेला नाही.

तिसरा आवाज यंत्राचा असतो. पिस्तुलाचा वरचा भाग मागे जाऊन परत येतो, रिकामी पुंगळी उडते आणि फरशीवर पडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी गुप्त कारवायांसाठी वेलरॉड नावाचे खरोखरच अतिशय शांत पिस्तूल तयार केले, तेव्हा त्यांनी हा आवाजही टाळला होता. त्यासाठी त्यातील प्रत्येक काडतूस हाताने मागील खटका फिरवून भरावे लागे आणि आतील रबरी चकत्या थोड्याच गोळ्यांनंतर झिजत. अगदी जवळून एक गोळी झाडून निघून जाण्याचे ते साधन होते. एकामागून एक दहा पहारेकरी लोळवणे त्याच्याने झाले नसते.

याच संदर्भात काही जुन्या चित्रपटांत रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसतो, तो जवळजवळ निरुपयोगी असतो. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते आणि वायू त्या फटीतूनच निसटतो. रशियाचे १८९५ चे नागां रिव्हॉल्व्हर हा प्रसिद्ध अपवाद आहे, कारण त्याचे चक्र चाप ओढताना पुढे सरकून ती फट बंद करते.

प्रश्न : गोळी लागल्यावर माणूस काच फोडून मागे फेकला जातो, यात भौतिकशास्त्राचा काही आधार आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, महाल)

आपण विद्यार्थी आहात, म्हणून गणितच मांडतो. ९ मि.मी.ची गोळी सुमारे ८ ग्रॅम वजनाची असते. तिचा वेग सेकंदाला ३६० मीटर धरला तर संवेग सुमारे २.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो. हा सगळा संवेग ७० किलोच्या माणसात उतरला तरी त्याला मागे मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर असेल. आता जामठ्याच्या मैदानावर ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला १६० ग्रॅमचा चेंडू घ्या. त्याचा संवेग सुमारे ६.२ भरतो, म्हणजे गोळीच्या दुपटीहून अधिक, आणि तो छातीवर आदळलेला फलंदाज हवेत उडून यष्टिरक्षकाच्या मागे जाऊन पडत नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाहिले तरी, गोळी समोरच्याला उडवून देण्याइतकी असती तर झाडणाराही तितक्याच जोराने मागे फेकला गेला असता.

गोळी घातक ठरते ती ऊतक, रक्तवाहिन्या आणि मज्जासंस्था फाडत गेल्यामुळे. तिच्या धक्क्यामुळे नव्हे. गोळी लागलेली माणसे कधी जागच्या जागी कोसळतात, तर कधी काही पावले चालत जातात आणि जखम झाल्याचे त्यांना नंतर कळते. पडद्यावरचे उडणे हे कंबरेला बांधलेल्या दोरीचे काम असते. खांद्याला गोळी लागलेला नायक पुढच्या दृश्यात त्याच हाताने भिंत चढतो, हे मला त्याहून आक्षेपार्ह वाटते, कारण खांद्यात मोठ्या रक्तवाहिन्या आणि हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे असते आणि तेथील जखम हात कायमचा निकामी करू शकते.

लोखंडी खांबावर गोळी लागताच ठिणग्या उडतात का, असेही आपण विचारले आहे. शिशावर तांब्याचे आवरण असलेल्या नेहमीच्या गोळीने तशा ठिणग्या उडत नाहीत.

प्रश्न : आम्ही फौजेत मॅगझिन मोजून वापरायचो. चित्रपटात ते कधीच संपत कसे नाही? (निवृत्त सैनिक, कामठी)

आपला अनुभव माझ्या वाचनापेक्षा मोठा आहे, त्यामुळे हे उत्तर इतर वाचकांसाठी समजावे. एके-४७ चा गोळीबाराचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या आणि नेहमीच्या मॅगझिनची, म्हणजे शस्त्राला जोडायच्या गोळ्यांच्या पेटीची, क्षमता ३० गोळ्या. म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामे होते. पडद्यावर हाच गोळीबार अर्धा मिनिट चालतो. भरलेले पोलादी मॅगझिन पाऊण किलोहून जड असते, म्हणून तशी दहा मॅगझिने घेऊन नायक छपरांवरून उड्या मारू शकणार नाही, आणि त्याच्या चुस्त कोटात ती मावणारही नाहीत. आपल्या लष्कराच्या ९ मि.मी. पिस्तुलात तेरा गोळ्या मावतात, बाँडच्या वॉल्थर पीपीके पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये केवळ सात.

गोळ्या संपल्याचे दृश्य येते तेव्हाही बहुधा ते चुकीचेच असते. खलनायक चाप ओढत राहतो आणि नुसता ‘खट्, खट्’ आवाज येतो. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत शेवटची गोळी सुटल्यावर वरचा भाग मागेच अडकून राहतो आणि शस्त्र रिकामे झाल्याचे हातातच कळते. धमकी देताना प्रत्येक वेळी तोच भाग मागे ओढून ‘खडाक्’ असा आवाज करण्याची पद्धतही अशीच. नळीत काडतूस आधीच असेल तर त्या कृतीने ते न वापरलेले काडतूस बाहेर पडून वाया जाते. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला तर बाहेरून दिसणारा घोडा नसतो, तरीही घोडा चढवल्याचा आवाज संकलनाच्या वेळी त्याला चिकटवला जातो.

प्रश्न : जेम्स बाँडच्या हातात कोणते पिस्तूल असावे, हे कोण ठरवते? (प्रतापनगर)

या प्रश्नाचे उत्तर एका वाचकाच्या पत्रातच आहे, आणि या सदरासाठी याहून योग्य हकिकत मला सुचत नाही. इयन फ्लेमिंग यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत बाँडजवळ .२५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास, येथे इंचांत) छोटे बेरेटा पिस्तूल असे. १९५६ मध्ये स्कॉटलंडमधील जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रप्रेमी वाचकाने फ्लेमिंग यांना पत्र लिहून हे पिस्तूल अशा कामासाठी फार दुबळे असल्याचे कळवले आणि पर्याय म्हणून रिव्हॉल्व्हर सुचवले. फ्लेमिंग यांनी टीका मनावर घेतली, पुढे पत्रव्यवहार वाढवला आणि १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ या कादंबरीत बेरेटा काढून घेऊन बाँडच्या हाती ७.६५ मि.मी.चे वॉल्थर पीपीके दिले. कृतज्ञता म्हणून त्यांनी कादंबरीतील शस्त्रतज्ज्ञाचे नावही मेजर बूथरॉइड ठेवले. तरी एक चूक राहिलीच. बूथरॉइड यांनी रिव्हॉल्व्हरसाठी म्हणून सांगितलेले विशिष्ट चामडी म्यान फ्लेमिंग यांनी पीपीकेला जोडून दिले, जे त्या पिस्तुलाला बसतच नाही.

१९६२ च्या चित्रपटात हाच प्रसंग आहे. संवादात पीपीकेचे नाव घेतले जाते, पण पडद्यावर दिसते ते त्याचे थोरले भावंड, वॉल्थर पीपी. पुढच्याच चित्रपटाच्या जाहिरातीसाठी शॉन कॉनरी यांची छायाचित्रे काढायची होती तेव्हा पिस्तूल आणायचेच राहिले आणि हाताशी असलेले छऱ्याचे वॉल्थर एअर पिस्तूल त्यांच्या हातात देण्यात आले. बाँडची जगप्रसिद्ध मुद्रा अशा रीतीने नेमबाजीच्या सरावाच्या शस्त्रासह आहे.

पीपीके खरोखर किती प्रभावी आहे, हेही पाहू. त्याच्या गोळीची ऊर्जा सुमारे २०० ज्यूल असते, तर ९ मि.मी.च्या गोळीची ५०० ज्यूलच्या आसपास. नळी केवळ ८३ मिलिमीटर लांब असल्याने दूरचा नेम कठीण असतो, आणि पिस्तूल कोणतेही असो, हात एक अंशाने हलला तर २५ मीटरवर गोळी सुमारे ४४ सेंटिमीटर बाजूला जाते. धावत्या मोटारीतून दुसऱ्या धावत्या मोटारीचे चाक अचूक टिपणारा नायक पाहताना हा आकडा लक्षात ठेवावा. कोटाखाली लपते, हा मात्र पीपीकेचा खरा गुण आहे आणि फ्लेमिंग यांची निवड त्या दृष्टीने समंजस होती. १९९७ च्या ‘टुमारो नेव्हर डाइज’मध्ये बाँडने ९ मि.मी.चे वॉल्थर पी९९ हाती घेतले.

भारतीय वाचकांसाठी याला एक जोड देतो. आपल्याकडे ९ मि.मी. हा प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सामान्य परवानाधारकाला ते पिस्तूल मिळत नाही, बाँडच्या पीपीकेचा .३२ बोअर (म्हणजेच ७.६५ मि.मी.) मात्र परवान्यावर मिळू शकतो. सायलेन्सरच्या बाबतीत १९५९ चा शस्त्र अधिनियम अधिक कडक आहे, कारण आवाज कमी करणाऱ्या उपकरणाचा समावेश त्याने ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच केला आहे. चित्रपट पाहून अशी वस्तू ऑनलाइन मागवण्याचा विचार कोणाच्याही मनात असेल, तर त्याने तो तत्काळ सोडून द्यावा.

प्रश्न : चित्रीकरणात खऱ्या बंदुका वापरतात का? माझ्या मुलाला या क्षेत्रात जायचे आहे, म्हणून काळजी वाटते. (एक आई, मानेवाडा)

आपली काळजी रास्त आहे. चित्रीकरणात खरी शस्त्रे ब्लँक काडतुसांसह वापरली जातात. त्यांत दारू असते, गोळी नसते. पण तप्त वायूचा झोत असतोच, आणि १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी अभिनेत्याने असे शस्त्र कानशिलाला लावून चाप ओढल्याने त्याचा मृत्यू झाला. १९९३ मध्ये ब्रँडन ली याचा जीव गेला, तो आधीच्या दृश्यातील काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती आणि नंतर झाडलेल्या ब्लँकने ती बाहेर ढकलली म्हणून. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क खरे काडतूस भरले गेले आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये दोषी ठरवण्यात आले. त्यानंतर अनेक निर्माते न झाडता येणाऱ्या प्रतिकृती वापरून ज्वाळा संगणकावर जोडणे पसंत करू लागले आहेत. ती ज्वाळा थोडी खोटी दिसली तरी माझी पसंती निःसंशय त्यालाच आहे. आपल्या मुलाने या क्षेत्रात जरूर जावे, मात्र शस्त्र हातात घेण्यापूर्वी ते आपल्यासमोर उघडून रिकामे दाखवण्याचा आग्रह त्याने प्रत्येक वेळी धरावा, समोरचा कितीही अनुभवी असला तरी.

प्रश्न : खरे हेर इतक्या बंदुका बाळगतात का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, वर्धा मार्ग)

सामान्यतः नाही. परदेशात काम करणारा गुप्तचर अधिकारी बहुधा दूतावासातील मुत्सद्दी म्हणून वावरतो. पकडला गेल्यास १९६१ च्या व्हिएन्ना कराराखाली त्याला संरक्षण असते आणि यजमान देश त्याची हकालपट्टी करतो. खिशात पिस्तूल सापडले तर साध्या चौकशीतही त्याचे सोंग उघडे पडेल. आपली ‘रॉ’ ही संस्था सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. तिला पोलिसांसारखे अटकेचे अधिकार नाहीत, तिचे मुख्य काम माहिती मिळवणे आणि तिचे विश्लेषण करणे हे आहे. युद्धकाळात शत्रूच्या प्रदेशात घातपातासाठी उतरवलेली माणसे सशस्त्र असत, पण ते काम वेगळे.

अमेरिकी नौदलातील जॉन वॉकर याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्याने १९६८ च्या सुमारापासून जवळपास सतरा वर्षे सोव्हिएत संघाला सांकेतिक संदेशांची गुपिते विकली. तळहातात मावणारा मिनॉक्स कॅमेरा हे त्याचे कामाचे साधन होते. मे १९८५ मध्ये मेरीलंडमधील एका मोटेलात त्याला घेरण्यात आले तेव्हा त्याने रिव्हॉल्व्हर उपसले खरे, पण एकही गोळी न झाडता ते खाली टाकले.