आयता प्रबंध नको, तिला कागद शोधू द्या

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडकलो. "तयार प्रबंध आणून देतो म्हटलं, तर पोरगी दोन दिवस धड जेवली नाही." तिच्या एम.ए.चे गुण, एमपीएससी, लायब्ररीत वाया जाणारा वेळ ही तुम्ही लिहिलेली सगळी काळजी त्यापुढे किरकोळ आहे.

आयता प्रबंध ही चोरी आहे. बापानेच ती हातात द्यावी, याचं तिला लागलं असणार. झेंडा सत्याग्रहासारखा, म्हणजे १९२३ मध्ये नागपुरात राष्ट्रीय झेंडा मिरवण्यासाठी झालेल्या सत्याग्रहाचा, विषय तिने स्वतः निवडलाय, यातच तिची कुवत दिसते.

"लायब्ररीतली जुनी पुस्तकं म्हणजेच मूळ साधनं ना, मग ती उतरवून का काढत नाही?" असं तुम्ही विचारता. हा घोळ बऱ्याच विद्यार्थ्यांचाही होतो. मूळ साधन म्हणजे ज्या काळाबद्दल विचारतोय, त्याच काळातला कागद; नुसतं जुनं पुस्तक नव्हे. १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, घ्या. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्येच खालसा झालं होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल ते जे सांगतं ते मागाहून लिहिलेलं, मूळ साधन नव्हे. पण इंग्रज अधिकारी नागपूरकडे कसे बघत होते हे शोधायचं असेल, तर तेच पुस्तक मूळ साधन ठरतं. म्हणून आधी प्रश्न पक्का हवा.

तिचा प्रश्न काय आहे, कधी विचारलंत? १९२३ च्या मे महिन्यापासून सिव्हिल लाइन्सकडे झेंडे निघाले, जमनालाल बजाजांना अटक झाली, मग वल्लभभाई पटेल आले, हे पुस्तकांत आहेच. पण बाहेरगावचे स्वयंसेवक कोण होते, हे शोधायचं तर त्या महिन्यांची वर्तमानपत्रं तारीखवार चाळावी लागतील आणि सरकारी फायलींशी ताडून बघावी लागतील. त्याला दिवस लागतातच.

तिला सांगा, चांगल्या पुस्तकाच्या तळटीपांपासून सुरुवात कर. तिथे फायलीचा क्रमांक सापडतो. मग मार्गदर्शकांचं पत्र घेऊन नागपूरच्या पुराभिलेखागारात जा. तिथे कपाटं उघडून शोधता येत नाही; सूची बघायची, मागणीपत्र भरायचं. टिपणं पेन्सिलीने काढायची आणि प्रत्येक टिपणावर फायलीचा क्रमांक घालायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृहखात्याच्या बऱ्याच फायली 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात.

एमपीएससी, नेट, सेट नंतरही देता येईल. तिचं वय बावीस आहे.

तयार प्रबंध देणाऱ्या त्या तुमच्या ओळखीच्या माणसाला मात्र आजच फोन करून नाही म्हणा, आणि तो तिच्यासमोर करा.