अन्न पुन्हा नीट उकळलं तरी विषबाधा कशी होते? जंतू मरत नाहीत का?

मरतात की. पण मरायच्या आधी अन्नात जे विष सोडून ठेवतात त्याचं काय? स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) नावाच्या जंतूचं विष अर्धा तास खळखळ उकळलं तरी टिकतं, पोटातल्या पाचकरसांनाही दाद देत नाही.

माझे वडील आचारी होते, म्हणून हा प्रश्न बघून राहवलं नाही. मे महिन्यातला एक साखरपुडा, वडील म्हणत होते बासुंदी पहाटे आटवू, यजमानांचं म्हणणं सकाळी गडबड नको, रात्रीच उरकून टाका. झालं, रात्री पातेलंभर बासुंदी तयार, यजमानांच्याच भाच्याने बदाम-पिस्त्याचे काप करून हातानेच वरून पसरले, त्याच्या बोटाला नखुरडं झालेलं आणि चिंधी गुंडाळलेली, ती मी स्वतः बघितली. पातेलं रात्रभर पडवीत झाकून. सकाळी वडिलांनी परत उकळी आणली, वास-चव एकदम फर्स्टक्लास. बाराची पंगत, तीनच्या सुमाराला मंडपामागे ओकाऱ्या सुरू, नवरा मुलगासुद्धा. आणि लगेच निकाल: पाल पडली असणार! पाल कुणालाच सापडली नाही, पण वडिलांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

अहो, घरातली पाल विषारी नसते. तिच्यामुळे साल्मोनेला नावाचा जंतू येऊ शकतो, पण तो उकळल्यावर मरतो आणि त्याचा त्रास सहसा तीन तासांत सुरू होत नाही. नखुरड्याच्या पुवात मात्र स्टॅफ खच्चून असतो, त्यात मोठं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं, त्याला अजून काय पाहिजे? १९१४ साली फिलिपिन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाने स्टॅफमुळे कास सुजलेल्या गाईचं दूध स्वतः पिऊन बघितलं होतं, ताजं पचलं, बाहेर ठेवलेलं बाधलं.

शरीर एवढं का बिथरतं म्हणाल तर हे विष आतड्यातल्या नसांमार्फत थेट उलटीचा हुकूम सोडतं. शिवाय ते सुपरअँटिजेन असतं, म्हणजे एरवी एखाद्या जंतूवर दहा हजारांतली एखादी टी-पेशी (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) जागी होते, ही विषं पाचातली एक उठवू शकतात. असलंच विष रक्तात भिनलं तर सायटोकाइन्सचा (या पेशी सोडतात त्या दाह वाढवणाऱ्या रसायनांचा) भडका उडून बीपी कोसळतं, १९८० च्या सुमारास अमेरिकेत टॅम्पॉन वापरणाऱ्या बायकांमध्ये टॉक्सिक शॉक गाजला तो हाच प्रकार. बासुंदीने सहसा गोष्ट तिथवर जात नाही, दिवसभरात माणूस सावरतो. अँटिबायोटिक मागू नका, उपयोग शून्य, ओआरएस प्या.

हां, सगळीच विषं अशी चिवट नसतात, बोट्युलिनम हे दुसऱ्या एका जंतूचं विष उकळल्यावर निकामी होतं. आणि ताप, शौचातून रक्त, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा. बाकी रात्रीच करून ठेवायचा हट्ट असेल तर पसरट भांड्यांत गार करून लगेच फ्रिजमध्ये टाका, ज्याच्या बोटाला पू झालाय त्याला अत्तर-गुलाबपाण्याला उभं करा, आणि आचाऱ्याचे पैसे द्या.