खाणीच्या ढिगाऱ्यावरची झाडं जगली की नाही, हे नुसत्या उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवता येईल का?

हिरवं किती ते कळतं. काय जगलं ते कळत नाही. एमएस्सीच्या प्रबंधासाठी फक्त एनडीव्हीआय (उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) पुरेल का, असं तुम्ही विचारलंय, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

वणीच्या बाजूला एका कोळसा खाणीच्या ओबी डंपवर, म्हणजे कोळशाच्या वरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यावर, मी सलग तीन हंगाम झाडं मोजली आहेत. दोन-दोन मीटरवर लागवड, म्हणजे हेक्टरी 2500. आम्ही 10 बाय 10 मीटरचे चौकोन आखायचो, एका चौकोनात 25 खड्डे. उत्तरेकडचा उतार सगळ्यांनी सोडून दिलेला होता. तिथलं शिसू आणि करंज फार पूर्वीच मातीबरोबर घळींतून वाहून गेलं होतं. दुसऱ्या अंगाला मात्र सुबाभूळ आणि काशिद माजलेलं. मार्चचं चित्र आलं, त्यात सुबाभळीचा पट्टा गर्द आणि उत्तरेचा उतार जवळजवळ उघडा. साहेबांनी ऑफिसात बसूनच शेरा मारला: लागवड अयशस्वी, जागा साफ करून पुन्हा लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वर गेलो. सोबत रोपांना पाणी घालणाऱ्या, जवळच्याच गावच्या एक काकू होत्या. उतारावर पळस उभे होते. अंगावर पान नाही, दोघांना फुलं आलेली. मार्चात पळसाला पान नसतंच, हे आपल्याकडच्या पोरालाही ठाऊक असतं. मी नोंदवहीत बघून खड्ड्यांच्या खुणा शोधत होतो, तर काकू म्हणाल्या, "कायले खड्डा हुडकता? हे लावलेलं नोहे, हे आलेलं हाय." त्यांनी विळ्याने वाळलेली कुसळी बाजूला सारली आणि एक काडी दाखवली, बोटभर उंच. मला ती मेलेली वाटली. त्यांनी भोवतीची माती उकरली, तर खाली अंगठ्याएवढं जाड, ओलसर मूळ! पळसाचं रोप असंच तग धरतं. वरचं वाळतं, मूळ वाढत राहतं. चपट्या शेंगा वाऱ्याने आल्या असणार, आणि शेजारची बोरं पाखरांनी नाहीतर कोल्ह्याने आणली असणार. त्या एका चौकोनात आपोआप आलेली 14 रोपं निघाली, लावलेली फक्त 2. सुबाभळीच्या चौकोनात 25 पैकी 23 जिवंत, आणि खाली सुबाभळीच्याच पोरांशिवाय काही नाही.

मी तक्त्यात "आपोआप आलेली" असा रकाना हाताने आखला. साहेबांनी तो खोडला. फॉर्ममध्ये असा रकाना नाही म्हणाले. जूनच्या आधी त्या उतारावर डोजर फिरला आणि सुबाभूळ लागली. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो, जंगल परत यायला लागलं होतं ते आपण उखडलं.

तर तुमच्यासाठी. एका तारखेच्या चित्रावर काहीही ठरवू नका. ऑक्टोबरात तरोटा आणि गाजरगवतसुद्धा हिरवंगार दिसतं, मार्चात सुबाभूळ पास आणि पळस नापास होतो. सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, 10 मीटरचा एक ठिपका, वर्षभराच्या तारखा घ्या आणि शेजारच्या राखीव जंगलाचा तुकडा त्याच तारखांना सोबत ठेवा. जंगलाचा हिरवेपणा मार्चात उतरतो आणि तुमच्या डंपचाही त्याच्याबरोबर उतरतो, तर ती चांगली खूण आहे. जगण्याच्या टक्केवारीवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. मेलेल्याच्या जागी नवं रोप लावलं की टक्केवारी कायम नव्वदीच्या वर राहते. पत्र्याचे बिल्ले ठोका, नंबर टाका. मातीचा सेंद्रिय कर्बही तपासा.

उपग्रह निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. कोळसा आणि माती मिळून वर्षाला 50 लाख घनमीटरपेक्षा जास्त काढणाऱ्या कोल इंडियाच्या खुल्या खाणींची पाहणी सीएमपीडीआय ही कोल इंडियाचीच नियोजन संस्था दरवर्षी उपग्रहावरून करते, लहान खाणींची दर तीन वर्षांनी. किती जमीन भरली, कितीवर लागवड झाली, हे एवढ्या पसाऱ्यावर दुसरं कोण मोजणार? सुबाभळीबद्दलही मी जरा तोडून बोललो. ती नत्र धरते, नुसत्या मुरमावर सावली करते. विरळ लावली आणि वेळेत काढली तर तिच्या आडोशाला पळस येतो, हे मी स्वतः पाहिलंय. काढत कोणी नाही, ही अडचण आहे.

उन्हाळ्यात डंपवर दहाच्या आत काम उरका. जवळच्या गावातली एखादी जाणती बाई सोबत घ्या, तिची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा. आणि तो रकाना छापूनच घ्या, म्हणजे कोणाला खोडता येणार नाही.