सातव्या खुर्चीवरून का उठवलं?

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदाच ज्युरी ड्युटी आली, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी (ज्युरीसाठी) बोलावणं. खटला चोरीचा होता. माझी मातृभाषा मराठी, भावाला एकदा पोलिसांनी विनाकारण अडवलं होतं आणि एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला दोषी ठरवणं मला जड जाईल, एवढं मी निवडीच्या प्रश्नोत्तरांत सांगितलं. थोड्या वेळानं सरकारी वकीलबाई उठल्या, 'द पीपल थँक अँड एक्स्क्यूज ज्युरर नंबर सेव्हन' (सरकार पक्ष सात नंबरच्या ज्युररला आभार मानून मोकळं करतो) म्हणाल्या, आणि मी बाहेर! दाद कुठे मागू?

उत्तर: ताई, ते 'थँक' सगळ्यांनाच झोंबतं.

ज्युरर पक्षपाती आहे असं न्यायाधीशांना पटवून त्याला काढता येतं. त्याशिवाय फौजदारी खटल्यात दोन्ही बाजूंना प्रत्येकी ठरावीक संख्येपर्यंत ज्युरर कारण न सांगता वगळता येतात. तुमच्या बाबतीत हेच झालं.

मात्र वंश बघून कुणाला वगळता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात तसं बजावलं, पण वकिलाच्या मनातला हेतू सिद्ध कसा करणार? 'नजरेला नजर देत नव्हत्या' असली कारणं खपून जायची. म्हणून कॅलिफोर्नियानं कलम २३१.७ आणलं, २०२२ पासून फौजदारी खटल्यांना लागू. आता हेतू सिद्ध करावा लागत नाही. शिवाय काही कारणं, उलट सिद्ध होईपर्यंत, अवैधच धरली जातात. इंग्रजी मातृभाषा नसणं आणि जवळच्या माणसाला पोलिसांनी अडवलेलं असणं, ही दोन्ही त्या यादीत आहेत.

माझं बोट थांबलं ते तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर, एका साक्षीदाराच्या. तिथल्या कायद्यानुसार एका साक्षीदाराची साक्ष पटली तर तेवढी पुरते. सरकारी वकील हा प्रश्न मुद्दाम विचारतात आणि कचरणाऱ्याला वगळतात. मी त्या जागी असतो तर मीही वगळलं असतं.

आता दाद. हरकत घ्यायची ती वकिलांनी किंवा खुद्द न्यायाधीशांनी, आणि ज्युरी पक्की होण्याआधी. ज्युररला तो मार्ग नाही. ती चर्चा तुमच्या माघारी होते, त्यामुळे बचाव पक्षानं हरकत घेतलीही असेल. खटला संपल्यावर ज्युरी कमिशनरला (ज्युररची व्यवस्था बघणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याला) पत्र जरूर लिहा, पण खुर्ची परत मिळणार नाही. तुमच्या नावावर डागही लागत नाही. निदान वर्षभर पुन्हा बोलावणं येऊ नये. आलंच, तर या फेरीची नोंद दाखवा. पुढच्या वेळीही मातृभाषा मराठीच सांगा, उत्तरं शपथेवर असतात.