सतरावा रकाना

चि. डॉक्टरबाई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची उघड चौकशी करणारा अधिकारी, परत आणला तर मृत्यूच्या तपासात सगळं सुधारेल का, असं विचारलंस. नुसतं पद आणून काही होणार नाही. १८७१च्या कायद्याखालचा कॉरोनर मुंबईत १९९९पर्यंत होता. मी त्याच्यापुढे शपथेवर साक्षी दिल्यात. तारखांवर तारखा पडायच्या आणि पोलीस तेच जबाब पुन्हा घ्यायचे. पद रद्द झालं तेव्हा आम्ही डॉक्टर खूशच झालो होतो, खोटं कशाला बोलू! पण तिथे मेलेल्याचा भाऊ समोर बसून ऐकायचा. ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढंच लिहून त्याच्या नजरेला नजर देणं जड जायचं. गेलं ते हे.

आता अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली २४ तासांत दंडाधिकाऱ्याकडे अहवाल. कोठडीतला मृत्यू असेल तर १९६खाली न्यायदंडाधिकारी चौकशी करतो. बाकीच्यांचं बहुतेक कागदावरच मिटतं आणि त्यातला महत्त्वाचा कागद तुझा, शवविच्छेदन अहवालाचा, असतो.

म्हणून अहवालाच्या सतराव्या रकान्यात, अंगावरच्या जखमांच्या, घाई करू नकोस. माझ्या एका केसच्या पंचनाम्यात ‘अंगावर जखम नाही’ होतं. पंच म्हणजे गेटवरचा चहावाला आणि त्याचा पोऱ्या. प्रेत पालथं केलेलं दोघांनीही पाहिलं नव्हतं. मीही तेच उतरवून रकाना भरला. कवटी उघडायला केस बाजूला करताना शवागारातले मामा म्हणाले, “साहेब, कानामागं बघा.” दीड इंचाची फाट, कडा चेचलेल्या, आत केस अडकलेले. लिहिलेलं खोडलं, शेजारी सही केली. पुढे सेशन्स कोर्टात वकिलाने त्या खोडलेल्या ओळीवर मला पाऊण तास उभं केलं. बरोबरच होतं त्याचं.

दुसरं, ‘मत राखीव’, म्हणजे तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मृत्यूचं कारण न लिहिणं. व्हिसेरा (प्रेतातल्या अवयवांचे नमुने) कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की आपण हात झटकतो. रिपोर्ट पोलीस ठाण्यात येऊन पडतो, अंतिम मत मागायला कोणी येत नाही, आणि घरच्यांना विम्याच्या कागदासाठी हेलपाटे पडतात. स्वतःची वही ठेव. तीन महिन्यांनी ठाण्याला स्मरणपत्र पाठव, जावक क्रमांक टाकून.

सुधारणा म्हणशील तर इंग्लंडच्या २००९च्या कायद्यातली एक गोष्ट मला हवी आहे. तिथला कॉरोनर कोण, केव्हा, कुठे, कसा मेला एवढंच ठरवतो, गुन्हेगार ठरवत नाही. पण तेच कारण उद्या आणखी कोणाला मारेल असं दिसलं, तर संबंधित संस्थेला लिहितो आणि तिला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे एकाच फाटकापाशी वर्षात चार माणसं मेली तर चार नंबर पडतात, चार फायली बंद होतात. अर्थात कॉरोनर असूनही तिथे शिपमन नावाचा डॉक्टर आपल्याच पेशंटना मारून स्वतःच दाखले देत राहिला. कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू दुसऱ्या डॉक्टरने तपासायचा, हे तिथे कायद्याने बंधनकारक झालं थेट सप्टेंबर २०२४मध्ये.

पुढच्या महिन्यात मुंबईत येतोय. तुझ्याकडच्या ‘मत राखीव’ केसेसची यादी काढून ठेव. सगळ्यात जुनीपासून सुरुवात करू.

तुझा,
सर